एकाचा डाव, सहांची बाजू

बुद्धिबळ हा दोघांचा खेळ, असें आपण पिढ्यान्‌पिढ्या मानीत आलों आहों. पट एक, राजे दोन, आणि पटाच्या दोन अंगांस मान खालीं घालून बसलेलीं दोन माणसें. तिसऱ्यानें बोलूं नये, बोलल्यास त्यास उठवावें, हा घरोघरचा शिरस्ता. जिंकणारा एकटा जिंकतो आणि हरणाराहि एकटाच हरतो. क्रिकेटांत झेल सुटला, गोलंदाज थकला, अशा सबबी सांगतां येतात. पटावर मात्र आपल्या चुकीचा धनी आपणच. म्हणूनच या खेळाची गोडी कांहीं लोकांस लागते आणि कांहींस त्याची धास्ती वाटते.

परंतु अलीकडे या एकांड्या खेळाचें एक नवें रूप आपल्या डोळ्यांसमोर आलें आहे. त्यास लीग असें म्हणतात. लीग म्हणजे संघांची साखळी स्पर्धा. एका संघांत चार, सहा किंवा आठ खेळाडू. ते प्रतिपक्षाच्या तितक्याच खेळाडूंसमोर एकाच वेळीं निरनिराळ्या पटांवर बसतात. आणि सर्व पटांचे गुण एकत्र करून सामन्याचा निकाल लागतो. जर्मनी देशांत 1980 पासून आठ-आठ पटांची अशी राष्ट्रीय लीग चालू आहे. आपल्या महाराष्ट्रांतहि 2013 सालीं पुण्यास महाराष्ट्र चेस लीग भरली होती. आणि 2025 च्या डिसेंबरांत तर जगांतील नामांकित खेळाडूंची ग्लोबल चेस लीग प्रत्यक्ष मुंबईस, गिरगांवांतील रॉयल ऑपेरा हाऊसमध्यें येऊन गेली. ज्या रंगभूमीवर एके काळीं बालगंधर्वांच्या आणि मास्टर दीनानाथांच्या गाण्यानें प्रेक्षक डोलले, त्याच रंगभूमीवर या वेळीं माणसें श्वास रोखून पटाकडे पाहत बसलीं होतीं.

आम्ही पेणकरपाड्यास राहतों. दहिसरचा नाका ओलांडून मुंबई-अहमदाबाद रस्त्यानें ठाणें जिल्ह्यांत पाऊल टाकलें कीं लागते ती ही वस्ती. आज ती मीरा-भाईंदर महानगरपालिकेच्या हद्दींत आहे आणि उंच इमारतींनीं वेढलेली आहे. तरी नांवांतला 'पाडा' हा शब्द तिचें मूळचें रूप विसरूं देत नाहीं. मीरारोडला लोकलमध्यें बसावें आणि चर्नीरोडला उतरावें, कीं ऑपेरा हाऊस हाकेच्या अंतरावर. जगांतील मोठी लीग अशी लोकलच्या अंतरावर आल्यामुळें आमच्या इमारतींतल्या घराघरांत पट पुन्हां बाहेर निघाले, आणि त्यांबरोबर एक प्रश्नहि निघाला. डावाची सुरुवात कशी करावी, हें कोणीं ठरवावयाचें? खेळणाऱ्यानें, कीं त्याच्या संघानें? प्रश्न खेळाचा दिसतो खरा. पण ज्या घरांत आजोबांपासून नातवंडांपर्यंत तीन पिढ्या एका छपराखालीं नांदतात, त्या घरांस तो अगदींच परका वाटूं नये.

प्यादें एक घर, कीं दोन?

डावाच्या पहिल्या दहा-बारा चालींस आरंभ किंवा ओपनिंग म्हणतात. मोहरीं बाहेर काढावयाचीं, पटाचा मध्यभाग आपल्या धाकांत ठेवावयाचा आणि राजास सुरक्षित जागीं न्यावयाचें, हीं तीन कामें या चालींत उरकावयाचीं असतात. वाटा मात्र शेंकडों आहेत, आणि प्रत्येकीस नांव आहे. या नांवांत 'इंडियन' हा शब्द वारंवार येतो. किंग्ज इंडियन, क्वीन्स इंडियन, निम्झो-इंडियन! या शब्दाचें मूळ आपल्याच जुन्या पटांत आहे, हें मात्र थोड्यांस ठाऊक असतें.

आमच्या शेजारच्या घरीं परवां एक वाद ऐकावयास मिळाला, तो या ठिकाणीं सांगण्याजोगा आहे. नात शाळेंत बुद्धिबळ शिकलेली. आजोबा आपल्या वडिलांजवळ शिकलेले. नातीनें डाव मांडला आणि राजापुढचें प्यादें दोन घरें सरकविलें.

"अग, अग, प्यादें दोन घरें? पहिल्याच चालीला चोरी?" आजोबा म्हणाले.

"चोरी नाहीं, आबा! पहिल्यांदा हलतांना त्याला दोन घरें जातां येतं. नियमच आहे तसा. तुम्हीसुद्धां चाला ना दोन घरें."

"आमच्याकडे प्यादें एकच घर जायचं, बाळ. आणि राजाला शह बसला नसेल तर एकदां घोड्यासारखी उडी. पट उघडायलाच आठ-दहा चाली लागत; तेवढ्यांत समोरच्याचा स्वभाव कळायचा."

"आबा, मी घड्याळ लावलंय. स्वभाव ओळखायला वेळ कुठं आहे? तुमचीं पंधरा मिनिटं चाललीं बघा!"

आजोबा हंसले, आणि त्यांनीं आपलें प्यादें शांतपणें एकच घर पुढें सरकविलें. नियमाप्रमाणें त्यांत कांहींच गैर नव्हतें, कारण दोन घरें जाण्याची परवानगी आहे, सक्ति नाहीं. आणि गंमत अशी कीं आजोबांनीं केवळ जुन्या संवयीनें जें केलें, त्यालाच आज जगांतील मोठमोठे खेळाडू शास्त्र समजून आचरतात.

देशी पद्धति आणि विलायती पद्धति यांचा हा झगडा दोन शतकांचा आहे. 1814 सालीं मुंबईस एक पुस्तक छापून निघालें. त्रिवेंगडाचार्य शास्त्री या पंडितांनीं आपल्या 'विलासमणिमंजरी' या संस्कृत ग्रंथाच्या आधारें तें इंग्रजींत सिद्ध केलें होतें, आणि त्यांत देशी डाव युरोपीय पद्धतीच्या खेळास जुळवून दिले होते. बदलत्या राज्याबरोबर पटाचे नियमहि बदलणार, हें त्या पंडितांनीं ओळखलें होतें. पण आपलें तें टाकून न देतां नव्या नियमांत बसवावें, असा त्यांचा मार्ग होता.

याच मार्गानें कलकत्त्यांत एक ब्राह्मण गेला. त्यांचें नांव महेशचंद्र बानर्जी. जॉन कॉक्रन हा स्कॉटलंडचा बॅरिस्टर त्या काळीं कलकत्त्यांत वकिली करीत असे आणि बुद्धिबळांत त्याची मोठी ख्याति होती. 1848 सालीं खेड्यांतून आलेल्या महेशचंद्रांशीं त्याची गांठ पडली, आणि पुढें या दोघांत शेंकडों डाव झाले. विलायती नियम महेशचंद्रांनीं शिकून घेतले. परंतु हात देशी पटावर तयार झालेला. त्यामुळें युरोपीय खेळाडू मध्यभाग प्याद्यांनीं व्यापावयास धांवत, तेथें हे एखादें प्यादें एकच घर सरकवीत, घोड्यापुढचें प्यादें उचलून त्या खिडकींत उंट बसवीत, राजाभोंवतीं किल्लेकोट करीत, आणि प्रतिपक्षानें बांधलेला मध्यभाग मग दुरून पोखरून काढीत. या पद्धतीस पुढें 'इंडियन डिफेन्स' असें नांव पडलें.

1855 च्या मे महिन्यांतील त्यांचा एक डाव प्रसिद्ध आहे. कॉक्रननें वजिरापुढचें प्यादें दोन घरें नेलें. महेशचंद्रांनीं राजाच्या अंगचा घोडा काढला, घोड्यापुढचें प्यादें एक घर सरकविलें, आणि तिसऱ्या चालीस वजिरापुढचें प्यादें मध्यभागीं भिडवून दिलें. मग उंट खिडकींत आला आणि किल्लेकोट झाला. हीच मांडणी 1922 सालीं अर्न्स्ट ग्रुन्फेल्ड या ऑस्ट्रियन पंडितानें उचलली, आणि जगानें तिला त्याचें नांव दिलें. कलकत्त्याच्या पटावर ती सदुसष्ट वर्षें आधीं येऊन गेली होती!

तो डाव मात्र महेशचंद्र हरले, आणि हरले तेहि विलक्षण रीतीनें. अठराव्या चालीस कॉक्रनचा घोडा किल्लेकोटांत घुसला. पाठोपाठ दुहेरी शह बसला, राजा कोपऱ्यांत गेला. तेव्हां कॉक्रननें आपला वजीर त्याच्या शेजारच्या घरांत नेऊन बळी दिला. तो वजीर हत्तीनें मारावाच लागला. आतां राजाच्या शेजारीं स्वतःचा हत्ती, पुढें स्वतःचें प्यादें, तिरप्या घरांत स्वतःचा उंट. हलावयास एकहि घर नाहीं. अशा स्थितींत घोड्यानें एक उडी घेऊन मात केली. राजाची कोंडी शत्रूनें केली नाहीं, त्याच्या रक्षणास उभ्या असलेल्या आप्तांनींच केली. ही गोष्ट वाचकांनीं ध्यानांत ठेवावी. पुढें तिचा उपयोग पडणार आहे.

याच जोडीच्या दुसऱ्या एका डावांत महेशचंद्रांनीं काळीं मोहरीं घेऊन अशाच मांडणीनें सुरुवात केली. कॉक्रननें चार प्यादीं पुढें काढून मध्यभाग भरून टाकला. नवव्या चालीस महेशचंद्रांनीं एका प्याद्याच्या मोबदल्यांत घोडा देऊन टाकला. बाराव्या चालीस आपला वजीर माऱ्यांत राहूं दिला. प्रतिपक्षानें तो अधाशीपणानें घेतला तेव्हां त्याचाहि वजीर हस्तगत केला, आणि डाव जिंकला. एकाच मांडणीनें एकदां कोंडमारा, एकदां विजय! आरंभ चांगला कीं वाईट, हें एकट्या आरंभावरून कधींच सांगतां येत नाहीं.

गुणांचा हिशेब

महेशचंद्रांचे डाव त्यांचे स्वतःचे होते. हरले तरी नुकसान त्यांचें, घोडा बळी दिला तरी जोखीम त्यांची. लीगमध्यें ही स्थिति पालटते. कशी, तें समजण्यास थोडें गणित करावें लागेल. पण तें बाजारहाटाच्या हिशेबाहून अवघड नाहीं.

2023 सालीं ग्लोबल चेस लीग प्रथम दुबईस भरली, तेव्हां तींत सहा संघ होते. प्रत्येक संघाचे सहा पट: एक नामवंत अग्रणी, दोन पुरुष, दोन स्त्रिया आणि एक तरुण होतकरू खेळाडू. एका सामन्यांत संघाचे सहाही जण एकाच रंगाचीं मोहरीं घेऊन बसत. पांढरीं मोहरीं घेणारा पहिली चाल करतो म्हणून त्याची बाजू थोडी सोयीची समजतात. त्यामुळें पांढऱ्यांनीं जिंकल्यास तीन गुण, काळ्यांनीं जिंकल्यास चार, बरोबरी झाल्यास दोघांस एकेक, आणि हरणाऱ्यास शून्य, असा नियम होता.

आतां समजा, सहाही पटांवर बरोबरी झाली. तर सहास सहा. समजा, चार पटांवर बरोबरी झाली, एका पटावर पांढरा जिंकला आणि एका पटावर काळा. साध्या हिशेबानें हाहि सामना बरोबरीचा. पण येथें पांढऱ्यांचे गुण झाले तीन अधिक चार, म्हणजे सात. आणि काळ्यांचे चार अधिक चार, म्हणजे आठ. सामना काळ्यांनीं जिंकला! म्हणजे काळीं मोहरीं घेणाऱ्या संघास सावधपणें सहा बरोबऱ्या पदरांत पाडून घेण्यापेक्षां, एक डाव गमावूनहि एक जिंकणें अधिक लाभाचें ठरतें.

याचा परिणाम थेट पहिल्या चालीवर होतो. पांढऱ्यानें राजापुढचें प्यादें दोन घरें नेलें असतां काळ्यानें तशीच चाल करून पुढें मोहऱ्यांची अदलाबदल करीत जावें, तर डाव बहुधा शांतपणें बरोबरीकडे झुकतो. रशियन बचाव नांवाची पद्धति या कामीं प्रसिद्ध आहे. उलट सिसिलियन बचाव घ्यावा, म्हणजे उंटापुढचें प्यादें दोन घरें न्यावें. अथवा महेशचंद्रांची देशी मांडणी घ्यावी. कीं दोन्ही बाजूंचे हल्ले निरनिराळ्या अंगांस सुरूं होतात आणि कोणीतरी पडल्यावांचून डाव थांबत नाहीं. एकट्यानें खेळतांना मनुष्य आपल्या स्वभावाप्रमाणें निवड करतो. शांत माणूस शांत वाट धरतो, धाडसी माणूस धाडसाची. लीगमध्यें मात्र संघाचा नायक विचारतो, "आज आपल्यास काय पाहिजे?" संघ पुढें असेल तर धाडसी खेळाडूनेंहि आपली हौस आवरून डाव शांत ठेवावयाचा, संघ मागें असेल तर शांत स्वभावाच्या खेळाडूनें दांत-ओठ आवळून वादळांत शिरावयाचें.

डाव सुरूं झाल्यावरहि हा हिशेब संपत नाहीं. शेजारच्या पटावर आपला सोबती हरत चालला आहे, हें डोळ्यांच्या कोपऱ्यांतून दिसत असतें. समोरच्यानें बरोबरी देऊं केली, आणि ती आपल्या पटापुरती न्याय्यहि आहे. तरी ती स्वीकारावी कीं नाकारावी, हें आतां एका पटावरून ठरत नाहीं. उलट, समोर जिंकण्याची एक चकचकीत पण धोक्याची वाट दिसत असतां, संघास अर्धी भाकरी पुरेशी आहे म्हणून ती सोडून देण्यास जो संयम लागतो, तो एकट्याच्या खेळांत कधीं शिकतां येत नाहीं. आपण जिंकलों आणि संघ हरला, हा आनंद बेचव असतो. आपण हरलों आणि संघ जिंकला, हें दुःख सुसह्य असतें. बुद्धिबळपटूंस ही चव लीगनें दाखविली.

शेवटच्या पटावरचा मुलगा

दुबईच्या त्या पहिल्या लीगचा अंतिम सामना 2 जुलै 2023 रोजीं झाला. एका बाजूस आपल्या नगरीचें नांव मिरविणारा मुंबा मास्टर्स हा संघ होता. त्यांत फ्रान्सचा व्हाशिए-लाग्राव, रशियाचा ग्रिश्चुक, नाशिकचे विदित गुजराथी, आंध्रच्या कोनेरू हंपी आणि द्रोणवल्ली हारिका, व सर्वांत धाकटा उझबेकिस्तानचा जावोखिर सिंदारोव्ह. दुसऱ्या बाजूस त्रिवेणी कॉन्टिनेन्टल किंग्ज. दोन सामने झाले. प्रत्येकीं एक जिंकला. मग अतिजलद डावांच्या लढती झाल्या, त्याहि समसमान. अखेर असें ठरलेलें होतें कीं दोन्हीं बाजूंचा एकेकच खेळाडू पटावर यावा आणि जो प्रथम जिंकेल त्याच्या संघास करंडक मिळावा. निर्णायक डाव आला तो होतकरूंच्या पटावर. मुंबा मास्टर्सतर्फे सतरा वर्षांचा सिंदारोव्ह, त्रिवेणीतर्फे डेन्मार्कचा एकोणीस वर्षांचा योनास ब्येरे. सिंदारोव्ह हरला, आणि करंडक त्रिवेणीकडे गेला.

कल्पना करून पाहावी. दहा-बारा दिवस सहा माणसें झटलीं. जगांतले थोर थोर खेळाडू त्या संघांत. आणि शेवटीं सारें ओझें येऊन पडलें तें सर्वांत लहान खांद्यांवर. एकट्याच्या स्पर्धेंत हरलेला मुलगा खोलीचें दार लावून रडूं शकतो. संघांत हरलेल्यास पांच जणांसमोर मान वर करून बसावें लागतें. अशा वेळीं त्या पांच जणांच्या डोळ्यांत काय दिसतें, यावर त्या मुलाचें पुढचें आयुष्य पुष्कळसें अवलंबून असतें.

सिंदारोव्हचें पुढें काय झालें, तें सांगण्यास आम्हांस आनंद वाटतो. 2025 च्या नोव्हेंबरांत आपल्या गोमंतकांत बुद्धिबळाचा विश्वचषक झाला. त्याच्या अंतिम फेरींत चीनचा वे यी आणि सिंदारोव्ह हे समोरासमोर आले. हा वे यीहि 2023 सालीं त्रिवेणीच्याच संघांत होता. सिंदारोव्हनें त्यास जलद डावांत हरविलें, आणि एकोणिसाव्या वर्षीं तो विश्वचषक जिंकणारा सर्वांत तरुण खेळाडू ठरला. दुबईच्या शेवटच्या पटावर हरलेला मुलगा, अडीच वर्षें लोटण्यापूर्वींच, पणजीहून दूर नसलेल्या पटावर जगास जिंकून गेला. एका पराभवानें माणूस संपत नाहीं, हें पुस्तकांत वाचण्यापेक्षां असें घडतांना पाहिलें कीं मनांत अधिक रुजतें.

आपल्या भारतीय संघाच्या बाबतींतहि असेंच घडलें. 2022 सालीं चेन्नईजवळ मामल्लपुरम्‌ येथें झालेल्या ऑलिंपियाडमध्यें आपल्या स्त्रियांचा पहिला संघ शेवटच्या फेरीपर्यंत आघाडीवर होता. त्या एका फेरींत अमेरिकेकडून हार झाली आणि सुवर्णाऐवजीं कांस्यपदकावर समाधान मानावें लागलें. संघाचे नायक पुण्याचे ग्रँडमास्टर अभिजित कुंटे होते. दोन वर्षांनीं, 2024 च्या सप्टेंबरांत, बुडापेस्ट येथें त्याच कुंट्यांच्या नेतृत्वाखालीं स्त्रियांच्या संघानें सुवर्णपदक मिळविलें. नागपूरच्या दिव्या देशमुखनें तिसऱ्या पटावर स्वतंत्र सुवर्णपदकहि पटकाविलें, आणि 2025 च्या जुलैंत तिनें स्त्रियांचा विश्वचषक जिंकून ग्रँडमास्टर हा किताब मिळविला. पुरुषांच्या संघानेंहि बुडापेस्टला सुवर्ण जिंकलें. त्यांत विदित गुजराथी होतेच.

दोन पट स्त्रियांचे

लीगच्या नियमांत आम्हांस सर्वांत महत्त्वाची वाटली ती एक साधी गोष्ट. सहांपैकीं दोन पट स्त्रियांचे, आणि त्यांचे गुण इतरांइतकेच. अग्रणी जिंकला तर पांढऱ्यांस तीन, आणि स्त्रियांच्या पटावर विजय मिळाला तरी तीनच. कौतुकाचे गुण वेगळे आणि हिशेबाचे गुण वेगळे, असा भेद नाहीं. म्हणून कोणताहि संघ स्त्रियांच्या पटाकडे 'शोभेचा पट' म्हणून पाहूं शकत नाहीं. तसें पाहील तो हरेल.

येथवर येण्यास किती वाट चालावी लागली, याची आठवण मराठी घरांस तरी असावी. नाट्याचार्य कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांनीं 1923 सालीं 'नवाकाळ' काढला. त्याच गिरगांवकर घराण्यांतील वासंती, जयश्री आणि रोहिणी या तीन बहिणींनीं बुद्धिबळाचा पट मांडला. 1974 सालीं बेंगळूरला स्त्रियांची राष्ट्रीय स्पर्धा प्रथम भरली, ती वासंतीनें जिंकली. आणि पुढें जवळजवळ दहा वर्षें तें अजिंक्यपद या बहिणींच्या घराबाहेर गेलें नाहीं. 1976 सालीं तेरा वर्षांची रोहिणी पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेंत खेळावयास बसली, तेव्हां मोठा गदारोळ झाला. प्रकरण न्यायालयापर्यंत गेलें. शेवटीं जागतिक बुद्धिबळ महासंघाचे अध्यक्ष डॉ. मॅक्स युवे यांनीं निर्णय दिला कीं राष्ट्रीय वा आंतरराष्ट्रीय स्पर्धांत स्त्रियांस मज्जाव करतां येणार नाहीं. 1981 सालीं हीच रोहिणी आशियाची पहिली महिला अजिंक्यवीर झाली. आज दोन पट स्त्रियांचे असावेत, हा नियम सहज वाटतो. त्याच्या मुळाशीं गिरगांवांतल्या एका मुलीचा हट्ट आणि तिच्या घरानें दिलेली साथ आहे.

घरासाठीं

हें सर्व आमच्या पेणकरपाड्यांतल्या, अथवा सांगली-सोलापूरच्या, एखाद्या एकत्र कुटुंबास कशासाठीं सांगावयाचें? आमच्या मतें तीन गोष्टींसाठीं.

पहिली गोष्ट ही, कीं आरंभ ठरवितांना घराचा विचार व्हावा, हें लीग शिकविते. मुलानें कोणती विद्या घ्यावी, सुनेनें नोकरीसाठीं परगांवीं जावें कीं न जावें, या साऱ्या आयुष्यांतल्या पहिल्या चाली आहेत. त्या केवळ एकट्याच्या हौसेनें ठरूं नयेत, हें खरें. 'आज आपल्यास काय पाहिजे?' हा प्रश्न घरांत मोकळेपणानें विचारला जावा. पण तो विचारतांना ज्यानें खेळावयाचें त्यालाहि विचारावें. चांगला नायक खेळाडूच्या स्वभावाविरुद्ध आरंभ त्याच्यावर लादत नाहीं; दोन-तीन योग्य वाटांतून त्याला पेलेल ती निवडूं देतो.

दुसरी गोष्ट ही, कीं पहिल्या चाली संपल्या कीं खेळाडू एकटा असतो. लीगमध्येंहि डाव चालू असतां कोणीं चाल सुचविली तर तो अपराध ठरतो. घरानें सल्ला द्यावयाचा तो डाव सुरूं होण्यापूर्वीं. नंतर तोंड मिटून विश्वास ठेवावयाचा. महेशचंद्रांच्या त्या राजाची गोष्ट येथें आठवावी. हत्ती, उंट, प्यादें हे सर्व त्याच्या रक्षणासच उभे होते. आणि त्यांच्याच दाटीनें त्याला श्वास घेण्यास जागा उरली नाहीं. जाणते खेळाडू किल्लेकोट केल्यावर योग्य वेळ पाहून एखादें प्यादें एक घर पुढें सरकवितात, राजास वारा यावा म्हणून. एकत्र कुटुंबांतहि प्रत्येकाच्या वाट्याला असें एक मोकळें घर असलें पाहिजे. माया कमी करावी असें आम्ही म्हणत नाहीं; मायेनें थोडें सरकून बसावें, एवढेंच म्हणणें.

तिसरी गोष्ट ही, कीं सर्वांचे पट सारखे मोजावे. ज्यांच्या घरीं सवड असेल त्यांनीं हा प्रयोग अवश्य करून पाहावा. शेजारच्या दोन-चार कुटुंबांनीं मिळून रविवारीं दुपारीं एक लहानशी साखळी स्पर्धा भरवावी. प्रत्येक घराचे सहा पट: एक वडीलधारें माणूस, दोन पुरुष, दोन स्त्रिया आणि एक मूल. गुणांचा नियम वर दिलेला आहेच. खर्च म्हणाल तर पट आणि मोहरीं घरोघर असतात. घड्याळ नसेल तर हल्लीं तें मोबाईलवरहि मिळतें. त्या दिवशीं चहा पुरुषांनीं करावा, म्हणजे स्त्रियांचे दोन पट रिकामे राहणार नाहींत. ही शेवटची सूचना कोणास किरकोळ वाटेल. परंतु पुष्कळ घरांतील चांगले डाव स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशींच अडून राहिलेले आहेत, हें आम्ही पाहिलें आहे.

आणि डाव संपल्यावर, घराचा सामना ज्या पटावर हातचा गेला त्या पटावरच्या माणसाजवळ प्रथम जावें. बहुधा तें घरांतलें लहान मूल असेल, नाहींतर कित्येक वर्षांनीं पटावर बसलेली सून असेल. कोणती चाल चुकली, याची चर्चा दुसऱ्या दिवशीं होऊं शकते. त्या घटकेस जेवणाचें पान आपल्या शेजारीं मांडावें, आणि पुढच्या रविवारीं तोच पट पुन्हां त्याच माणसाकडे द्यावा.